मॉडेल विमानाच्या मोटर कंट्रोलरमधील वेळेचे दोष कसे शोधावेत

ब्रशलेस मोटरचा कंट्रोलर, म्हणजे मॉडेल विमानांच्या छंदात ज्याला सगळे ईएससी म्हणतात तो, स्वतः बांधून पहिल्यांदा चालवला की बहुतेक नवशिक्यांना सारखाच अनुभव येतो. मोटर थरथरते, मध्येच अडखळते किंवा थ्रॉटल वाढवताच थांबून पुन्हा सुरू होते. अशा वेळी आपण लगेच प्रोग्रॅम उघडतो, एखादा विलंब थोडा कमी करतो, दुसरा थोडा वाढवतो, आणि दोष गेला असे वाटते न वाटते तोच तो वेगळ्या रूपात पुन्हा समोर येतो. आकडे चाचपडत बदलण्यात घालवलेला हा वेळ वाचवता येतो. त्यासाठी कंट्रोलरमधील प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्षात किती मायक्रोसेकंद जात आहेत हे आधी मोजावे, चुकीचे स्वरूप ओळखावे आणि मगच प्रोग्रॅमला हात लावावा.

चुकीचे स्वरूप हा या लेखातला मुख्य धागा आहे. मोजलेला प्रत्येक काळ खऱ्या काळाच्या ठराविक पटीत कमी किंवा जास्त येत असेल, तर दोष क्लॉकमध्ये, म्हणजे चिपला चालीची लय देणाऱ्या ठोक्यांमध्ये, असतो. बहुतेक वाचने बरोबर आणि अधूनमधून एखादे वाचन प्रचंड चुकलेले असेल, तर टायमर भरून शून्यावर येण्याचा किंवा अर्धवट वाचलेल्या आकड्याचा संशय घ्यावा. प्रत्येक वाचन काही मायक्रोसेकंदांनी पुढेमागे हलत असेल, तर इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून चिपला करायला लावलेली तातडीची कामे, एकमेकांच्या आड येत आहेत. हळू चालताना सर्व ठीक आणि वेग वाढताच गडबड होत असेल, तर कम्युटेशनकडे, म्हणजे मोटरच्या तीन फेजना आळीपाळीने वीज देण्याच्या वेळेकडे, पाहावे. आणि केवळ भार वाढल्यावरच दोष दिसत असेल, तर वेळेचा दोष म्हणून जे दिसते आहे ते बहुधा वीजपुरवठ्याचे दुखणे असते.

पुढील सर्व आकडे १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरसाठी दिले आहेत, कारण शिकण्यासाठी तो सहज मिळतो आणि त्याची रचना समजायला सोपी आहे. तुमचा चिप वेगळा असेल तर रजिस्टरांची नावे आणि काही आकडे बदलतील, तपासणीचा क्रम मात्र तोच राहील.

सुरुवातीची मांडणी

सर्वप्रथम प्रोपेलर काढून बाजूला ठेवावा, आणि शेवटच्या चाचणीपर्यंत तो परत बसवू नये. वेळ चुकलेला कंट्रोलर कोणत्याही क्षणी पूर्ण थ्रॉटल देऊ शकतो, आणि फिरता प्रोपेलर बोटांना गंभीर इजा करतो. मोटर एखाद्या जड फळीवर स्क्रूने घट्ट बसवावी. भार नसलेली मोटर फार वेगाने फिरते, म्हणून प्रोपेलरशिवाय ती पूर्ण थ्रॉटलवर जास्त वेळ चालवू नये.

शक्य असल्यास सुरुवातीला लिथियम पॉलिमर बॅटरीऐवजी करंटची मर्यादा ठरवता येणारा पॉवर सप्लाय वापरावा. फेज बदलताना एकाच बाजूचा वरचा आणि खालचा मॉसफेट (फेजला वीज देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) क्षणभर जरी एकत्र चालू राहिला, तरी बॅटरीचा प्रचंड करंट सरळ त्या दोघांतून वाहतो आणि ते जळतात. सप्लायवर एक-दोन अँपिअरची मर्यादा लावलेली असेल तर मॉसफेट वाचण्याची शक्यता बरीच वाढते, आणि दोष शोधायला तुमच्याकडे काहीतरी शिल्लक राहते.

मोजण्यासाठी ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, पण या कामाचा मोठा भाग साध्या आठ चॅनेलच्या लॉजिक अनॅलायझरवरही होतो. तो सेकंदाला दहा लाख नमुने घेत असेल तर एक मायक्रोसेकंदापर्यंतचा फरक दिसतो. २.४ कोटी नमुने घेणारा असेल तर सुमारे ०.०४ मायक्रोसेकंदापर्यंतचा फरक दिसतो, आणि आपल्याला तेवढे भरपूर आहे. त्याच्या तारा फक्त मायक्रोकंट्रोलरच्या पायांना जोडाव्यात. मोटरच्या फेजवर बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज आणि त्याहून उंच झटके येतात, त्यामुळे तेथे तो थेट जोडला तर निकामी होतो. ऑसिलोस्कोपच्या प्रोबचा ग्राउंड चिमटाही नेहमी बॅटरीच्या ऋण टोकालाच लावावा, फेजला कधीही लावू नये.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सुचवेन. रिसीव्हर कंट्रोलरला थ्रॉटल पल्सच्या लांबीतून सांगतो, साधारण १००० मायक्रोसेकंद म्हणजे शून्य आणि २००० म्हणजे पूर्ण. चाचणीसाठी हा रिसीव्हर वापरण्याऐवजी क्रिस्टल असलेल्या दुसऱ्या एखाद्या बोर्डवरून ओळखीचा पल्स तयार करून घ्यावा. त्या बोर्डवरील १६ बिटांचा टायमर आठच्या प्रीस्केलरवर, म्हणजे क्लॉकला आठने भागून, फास्ट पीडब्ल्यूएम (ठराविक रुंदीचे पल्स पुन्हापुन्हा देण्याच्या) पद्धतीने चालवावा, वरची मर्यादा ३९९९९ ठेवावी आणि तुलनेच्या रजिस्टरात २९९९ हा आकडा भरावा. टायमरची एक टिक ०.५ मायक्रोसेकंदाची असल्याने अचूक १५०० मायक्रोसेकंदांचा पल्स दर २० मिलिसेकंदांनी मिळतो, आणि तो हार्डवेअर स्वतःच तयार करत असल्याने प्रोग्रॅममधील इतर कामांमुळे हलत नाही. १९९९ आणि ३९९९ हे आकडे भरले की १००० आणि २००० मायक्रोसेकंदांचे पल्स मिळतात. मोजमापाचा स्रोतच डळमळीत असेल तर पुढचे सर्व निष्कर्ष डळमळीत होतात, म्हणून येथे अर्धा तास गेला तरी तो जाऊ द्यावा.

पहिली पायरी: क्लॉक खरोखर किती आहे?

प्रोग्रॅममध्ये एफ_सीपीयू म्हणून जो आकडा लिहिलेला असतो, त्याने चिपचा वेग ठरत नाही. तो आकडा फक्त कंपायलरला विलंबाचे गणित करण्यासाठी उपयोगी पडतो. खरा वेग फ्यूज बिट (चिपमध्ये कायम साठवलेली मांडणी) आणि क्रिस्टल यांवर ठरतो. नवा कोरा एटीमेगा३२८पी आतील ८ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर चालतो आणि त्याचा सीकेडीआयव्ही८ हा फ्यूज आधीच लावलेला असल्याने त्या वेगाला आणखी आठने भागले जाते, म्हणजे प्रत्यक्षात चिप १ मेगाहर्ट्झवर चालत असतो. १६ मेगाहर्ट्झ गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम अशा चिपवर टाकला तर प्रत्येक गोष्ट सोळापट सावकाश होते.

तपासणी अगदी सोपी आहे. कोणताही इंटरप्ट चालू नसताना एक पाय टायमरच्या तुलना-आउटपुटने दर मिलिसेकंदाला बदलेल असा पाच ओळींचा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहावा आणि अनॅलायझरवर एक मिलिसेकंद खरोखर किती भरते ते पाहावे. आठपट किंवा सोळापट फरक असेल तर फ्यूज चुकला आहे. दुप्पट फरक असेल तर ८ आणि १६ मेगाहर्ट्झमध्ये गोंधळ झाला आहे. काही टक्क्यांचा फरक असेल तर चिप आतील ऑसिलेटरवर चालतो आहे.

या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यात मोटर फिरते आणि सगळे जवळजवळ बरोबर वाटते. एटीमेगा३२८पीच्या आतील ऑसिलेटरची कारखान्यातील अचूकता अधिक-उणे १० टक्के एवढीच दिलेली आहे, आणि तापमान व व्होल्टेज बदलले की त्याचा वेगही सरकतो. समजा चिप तीन टक्के जलद चालतो आहे. मग १००० मायक्रोसेकंदांचा पल्स त्याला १०३० वाटतो, १५०० चा १५४५ आणि २००० चा २०६० वाटतो. थ्रॉटलची काठी पूर्ण खाली असूनही कंट्रोलरला ती किंचित वर दिसते. सुरू होण्यापूर्वी थ्रॉटल शून्यावर आहे याची खात्री करणारा कंट्रोलर अशा वेळी मोटर सुरूच होऊ देत नाही, आणि बांधणारा मात्र दोष रिसीव्हरमध्ये शोधत बसतो.

म्हणूनच नेहमी तीन ठिकाणी मोजावे: १०००, १५०० आणि २०००. चूक पल्सच्या लांबीबरोबर वाढत असेल तर ती क्लॉकची आहे. तिन्ही ठिकाणी चूक सारखीच, उदाहरणार्थ सहा मायक्रोसेकंद, असेल तर क्लॉक निर्दोष आहे आणि पल्सच्या चढत्या व उतरत्या कडेची नोंद करण्यात प्रोग्रॅमला असमान उशीर होतो आहे. दोन्ही कडांना सारखाच उशीर झाला असता तर वजाबाकीत तो नाहीसा झाला असता, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. एकाच ठिकाणी मोजून हा फरक कळत नाही.

उपाय म्हणून क्रिस्टल लावावा. जागेअभावी किंवा वजनामुळे ते शक्य नसेल तर सिरॅमिक रेझोनेटर चालतो. आतील ऑसिलेटर ओएससीसीएएल रजिस्टरातून जुळवता येतो आणि एक टक्क्यापर्यंत अचूकता मिळवता येते, पण ती जुळणी ज्या तापमानाला आणि व्होल्टेजला केली त्यापुरतीच खरी असते. उडताना मॉसफेटशेजारी तापणाऱ्या कंट्रोलरमध्ये मी तरी तिच्यावर विसंबून राहणार नाही. चिपचा क्लॉक बाहेर काढून पाहण्यासाठी एक फ्यूज असतो, पण तो पीबी०, म्हणजे टायमर १ च्या इनपुट कॅप्चरचाच पाय, व्यापतो. मोजून झाल्यावर तो फ्यूज पूर्ववत केला नाही तर पुढच्या पायरीत पल्स वाचताच येणार नाही.

दुसरी पायरी: येणारा पल्स नीट वाचला जातो का?

आता चाचणी बोर्डवरून १५०० मायक्रोसेकंदांचा स्थिर पल्स द्यावा, मोटर जोडू नये, आणि कंट्रोलरने वाचलेले किमान हजार आकडे सिरियल पोर्टवरून संगणकावर घ्यावेत. आकडे छापण्याचे काम इंटरप्टच्या आत कधीही करू नये. इंटरप्टमध्ये आकडा साठवावा आणि मुख्य चक्रात सवडीने पाठवावा. मग त्या यादीतील सर्वांत लहान, सर्वांत मोठा आणि नेहमीचा आकडा पाहावा. सरासरीवर समाधान मानू नये, कारण हजारात दहा वाचने भलतीच असली तरी सरासरी जवळपास योग्य दिसते आणि मोटर मात्र त्या दहा वाचनांवरच अडखळते.

अधूनमधून येणाऱ्या मोठ्या उडीची दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले कारण टायमर भरण्याचे. आठच्या प्रीस्केलरवर १६ बिटांचा टायमर ६५५३६ टिक मोजून, म्हणजे ३२.७६८ मिलिसेकंदांनी, पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पल्स सुरू होताना टायमर ६५००० वर आणि संपताना २४६४ वर असेल तर साधी वजाबाकी उणे ६२५३६ देते. तीच वजाबाकी १६ बिटांच्या चिन्हरहित आकड्यांत केली आणि उत्तरही तशाच आकड्यात साठवले, तर ३००० टिक, म्हणजे १५०० मायक्रोसेकंद, हे योग्य उत्तर आपोआप मिळते. नवशिके 'सुरक्षित असावे' म्हणून ३२ बिटांचे चल वापरतात आणि नेमकी येथेच चूक ओढवून घेतात. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर तर वजाबाकीपूर्वी लहान आकडे आपोआप रुंद केले जातात, त्यामुळे एटीमेगावर बरोबर चालणारा प्रोग्रॅम तेथे नेताच बिघडू शकतो. उत्तर स्पष्टपणे १६ बिटांच्या चिन्हरहित प्रकारात बदलून घेणे हाच त्यावर उपाय आहे.

या दोषाची खूणही ठरलेली असते. १.५ मिलिसेकंदांचा पल्स चालू असतानाच टायमर उलटण्याची शक्यता १.५ भागिले ३२.७६८, म्हणजे सुमारे साडेचार टक्के. सेकंदाला ५० पल्स येत असल्याने साधारण सेकंदाला दोन वेळा चुकीचे वाचन दिसते. मोटर सेकंदाला एक-दोनदा हिसका देत असेल तर सर्वप्रथम ही वजाबाकी तपासावी.

दुसरे कारण अर्धवट वाचनाचे. एटीमेगा एका वेळी आठ बिटच वाचतो, त्यामुळे १६ बिटांचा चल वाचायला त्याला दोन टप्पे लागतात. मुख्य चक्राने खालचा बाइट वाचला, त्याच क्षणी इंटरप्ट येऊन चल बदलला, आणि मग वरचा बाइट वाचला गेला, तर हाती येणारा आकडा धड जुना नसतो आणि धड नवाही नसतो. १५३५ वरून १५३६ वर जाताना असे घडले तर १७९१ हा आकडा हाती येतो, आणि बाइट उलट क्रमाने वाचले असतील तर १२८० येतो. उडी २५६ टिकच्या आसपास असेल तर हेच कारण समजावे. चल व्होलाटाइल म्हणून घोषित केलेला असला तरी हा दोष जात नाही. त्या शब्दाने कंपायलर प्रत्येक वेळी मेमरीतून नव्याने वाचतो इतकेच, वाचन अखंड राहील याची हमी त्यात नसते. चल वाचण्यापूर्वी इंटरप्ट बंद करावेत, प्रत घ्यावी आणि लगेच इंटरप्ट पूर्ववत करावेत. यात मायक्रोसेकंदाहूनही कमी काळ जातो. टायमरचे १६ बिटांचे रजिस्टर वाचतानाही हीच काळजी घ्यावी लागते, कारण त्याचे दोन्ही बाइट एकाच सामायिक तात्पुरत्या रजिस्टरातून जातात.

आता लहान पण सततच्या हलण्याकडे वळू. पल्सची कड आली की पायाच्या बदलाचा इंटरप्ट आणि त्यात टायमर वाचणे, ही सर्वांना सुचणारी पद्धत आहे. पण कड आली त्या क्षणी दुसरा एखादा इंटरप्ट चालू असेल तर आपल्याला थांबावे लागते आणि टायमर तेवढा पुढे गेलेला असतो. अर्डुइनोच्या वातावरणात टायमर ० चा इंटरप्ट दर १.०२४ मिलिसेकंदांनी येतच असतो, शिवाय तेथील मायक्रोसेकंद सांगणारे फंक्शन १६ मेगाहर्ट्झवर चारच्या पटीतच उत्तर देते. या दोन्हींमुळे १५०० ऐवजी १४९६, १५०४, १५०८ असे आकडे दिसतात.

यावर इनपुट कॅप्चर हा खरा उपाय आहे. त्यात कड आल्याक्षणी हार्डवेअरच टायमरचा आकडा वेगळ्या रजिस्टरात टिपून ठेवते आणि प्रोग्रॅमने तो काही मायक्रोसेकंद उशिरा वाचला तरी नोंद अचूकच राहते. त्यातील नॉइज कॅन्सलरही चालू ठेवावा. तो सलग चार नमुने सारखे आल्याशिवाय कड मान्य करत नाही आणि त्यासाठी क्लॉकची केवळ चार आवर्तने, म्हणजे पाव मायक्रोसेकंद, खर्च करतो. चढती कड टिपल्यानंतर उतरती कड टिपण्यासाठी निवड बदलावी लागते, आणि ती बदलल्यावर कॅप्चरचा फ्लॅग (नोंद झाल्याची खूण) पुसावा लागतो. हा फ्लॅग पुसायचे राहून गेले की खोटी नोंद होते.

हे सर्व झाल्यावरही ८०० पेक्षा कमी किंवा २२०० पेक्षा जास्त मायक्रोसेकंदांचे वाचन आले तर ते टाकून द्यावे आणि मागचे वाचन वापरावे. मात्र ही गाळणी सर्वांत शेवटी बसवावी. आधीच बसवली तर वरचे सगळे दोष तिच्याआड लपतात.

तिसरी पायरी: इंटरप्ट किती वेळ खातात?

मायक्रोकंट्रोलरचे दोन-तीन मोकळे पाय अनॅलायझरला जोडले की येथे उपयोगी पडतात. प्रत्येक इंटरप्टच्या पहिल्या ओळीत एक पाय उंच करावा आणि शेवटच्या ओळीत खाली आणावा. यासाठी थेट पोर्टचे रजिस्टर वापरावे. तो आदेश दोन आवर्तनांत, म्हणजे ०.१२५ मायक्रोसेकंदात, पूर्ण होतो. अर्डुइनोचे डिजिटलराइट फंक्शन वापरले तर ते स्वतःच काही मायक्रोसेकंद घेते आणि आपण मोजण्याच्या साधनालाच मोजत बसतो. इंटरप्टमध्ये शिरताना व निघताना रजिस्टरे साठवण्या-काढण्याचा वेळ या पल्समध्ये दिसत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

एखादा इंटरप्ट २० मायक्रोसेकंदांहून लांब दिसला तर आत भागाकार किंवा दशांश गणित आहे का ते पाहावे. या चिपमध्ये भागाकाराचे हार्डवेअर नाही, त्यामुळे ३२ बिटांच्या एका भागाकाराला शेकडो आवर्तने लागतात. बहुतेक ठिकाणी भागाकार दोनच्या घातात बसवून बिट सरकवण्याने भागते, आणि उरलेला भागाकार मुख्य चक्रात आधीच करून ठेवता येतो.

चौथी पायरी: कम्युटेशन

कंट्रोलरचे खरे अवघड काम येथे सुरू होते, म्हणून थोडे गणित करून घेऊ. १४ चुंबकध्रुवांच्या मोटरमध्ये ध्रुवांच्या सात जोड्या असतात, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात सात विद्युत आवर्तने होतात. मोटर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ७०,००० विद्युत आवर्तने होतात आणि एका आवर्तनाला सुमारे ८५७ मायक्रोसेकंद मिळतात. प्रत्येक आवर्तनात सहा पावले असतात, तेव्हा एका पावलाला १४३ मायक्रोसेकंद. पावलाच्या मध्यावर वीज न दिलेल्या फेजचे प्रतिव्होल्टेज, म्हणजे फिरत्या मोटरने स्वतः तयार केलेले व्होल्टेज, शून्य-बिंदू ओलांडते. कंट्रोलर तो क्षण पकडतो, त्यानंतर ३० विद्युत अंश, म्हणजे सुमारे ७१ मायक्रोसेकंद, थांबतो आणि पुढची फेज चालू करतो. टायमिंग अ‍ॅडव्हान्स (फेज किती आधी चालू करायची ते) १५ अंश ठेवला असेल तर थांबण्याचा काळ त्याच्या निम्मा, सुमारे ३६ मायक्रोसेकंद, राहतो.

तिसऱ्या पायरीत दिसलेला २० मायक्रोसेकंदांचा इंटरप्ट या जागी आडवा आला तर पाऊल आठ अंशांहून अधिक उशिरा पडते. तोच उशीर २,००० फेऱ्यांना दोन अंशही भरत नाही. हळू फिरताना गोड चालणारी मोटर वेग घेताच कर्कश आवाज करून थांबते याचे कारण हे साधे प्रमाण आहे. त्यामुळे पुढचे पाऊल टाकण्याचा क्षण टायमरच्या तुलना-रजिस्टरात भरून ठेवावा, विलंबाचे फंक्शन वापरून कधीही थांबू नये, आणि त्या इंटरप्टमध्ये फेज बदलण्याचे काम सर्वांत आधी करून इतर हिशेब नंतर करावेत. थ्रॉटल वाचणाऱ्या इंटरप्टने एक पल्स उशिरा पाहिला तरी काही बिघडत नाही, कारण २० मिलिसेकंदांनी पुढचा पल्स येणारच असतो आणि कॅप्चरची नोंद तोवर सुरक्षित असते. कम्युटेशनला ती मुभा नाही.

मोजताना अनॅलायझरचे तीन चॅनेल खालच्या तीन मॉसफेटच्या, मायक्रोकंट्रोलरकडून येणाऱ्या आदेशांवर लावावेत आणि चौथा चॅनेल शून्य-बिंदू मान्य झाल्याचे दाखवणाऱ्या मोकळ्या पायावर लावावा. थ्रॉटल स्थिर ठेवून लागोपाठच्या पन्नास पावलांची लांबी पाहावी. सर्व पावले दोन-चार टक्क्यांच्या आत सारखी असावीत. एक लहान, एक मोठे असा आळीपाळीचा क्रम दिसला तर शून्य-बिंदूची तुलना ज्या मध्यबिंदूशी केली जाते ते व्होल्टेज एका बाजूला झुकलेले असते, आणि बहुधा रोधकांच्या जाळ्यातील एखादी किंमत चुकलेली सापडते. सहा पावलांमागे तेच पाऊल बिघडत असेल तर एका फेजचे सोल्डर, मॉसफेट किंवा प्रोग्रॅममधील कम्युटेशनच्या तक्त्यातील एक ओळ तपासावी.

पावले अनियमितपणे लहान होत असतील तर खोटे शून्य-बिंदू पकडले जात आहेत. फेज बंद केल्यावर तिच्या गुंडाळीतील करंट लगेच थांबत नाही. तो मॉसफेटमधील डायोडमधून काही काळ वाहत राहतो आणि तेवढ्यात कंपॅरेटरला (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या भागाला) शून्य-बिंदू ओलांडल्यासारखे वाटते. थ्रॉटल जास्त, तितका हा काळ लांब. म्हणून पाऊल टाकल्यानंतर काही काळ कंपॅरेटरकडे पाहूच नये. हा काळ ठराविक मायक्रोसेकंदांत लिहू नये, मागच्या पावलाच्या लांबीच्या चतुर्थांशासारखा प्रमाणात ठेवावा, म्हणजे तो वेगाबरोबर आपोआप जुळतो. त्यानंतरही सलग तीन वाचने सारखी आल्यावरच शून्य-बिंदू मान्य करावा.

पीडब्ल्यूएमचा, म्हणजे थ्रॉटलच्या प्रमाणात वीज भराभर चालू-बंद करण्याचा, परिणामही येथेच दिसतो. १६ किलोहर्ट्झला एक आवर्तन ६२.५ मायक्रोसेकंदांचे असते. कंपॅरेटर प्रत्येक आवर्तनात एकदाच वाचला जात असेल, तर १०,००० फेऱ्यांना शून्य-बिंदूची वेळ २६ अंशांपर्यंत अनिश्चित राहते, म्हणजे ३० अंशांच्या विलंबाला काही अर्थच उरत नाही. पीडब्ल्यूएम दुप्पट जलद केला की अनिश्चितता निम्मी होते, पण मॉसफेट अधिक तापतात. चालू काळात पुन्हापुन्हा वाचणे हा मला अधिक योग्य मार्ग वाटतो. पूर्ण थ्रॉटलवर पीडब्ल्यूएम कापलेच जात नाही आणि ही अडचण नाहीशी होते, त्यामुळे मधल्या थ्रॉटलवर अडखळणारी मोटर पूर्ण थ्रॉटलवर सुरळीत चालत असेल तर शोध येथूनच सुरू करावा.

पाचवी पायरी: वेळेचा वाटणारा, पण वेळेचा नसलेला दोष

थ्रॉटल झटकन वाढवताच मोटर थांबली आणि लगेच सुरुवातीचे सूर (वीज मिळताच कंट्रोलर मोटरमधून वाजवतो ते) वाजले, तर कम्युटेशनची लय चुकलेली नसून मायक्रोकंट्रोलर रीसेट झालेला आहे. लय चुकलेला कंट्रोलर पुन्हा पकड घेण्याचा प्रयत्न करतो, सुरुवातीचे सूर वाजवत नाही. सुरू होताक्षणी एमसीयूएसआर रजिस्टर वाचून त्याची प्रत साठवावी. व्होल्टेज खाली गेल्याने, वॉचडॉगमुळे (प्रोग्रॅम अडकला की चिप रीसेट करणाऱ्या टायमरमुळे) की बाहेरून रीसेट झाला, हे त्यातील बिट सांगतात. बूटलोडर (चिपमध्ये प्रोग्रॅम भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम) असेल तर तो हे रजिस्टर आधीच पुसून टाकू शकतो, म्हणून ही चाचणी बूटलोडरशिवाय करावी. व्होल्टेजचे कारण निघाले तर चिपच्या प्रत्येक वीजपुरवठ्याच्या पायाजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे का, बॅटरीच्या तारा अनावश्यक लांब आहेत का, आणि मोटरचा करंट सिग्नलच्या ग्राउंडमधून तर वाहत नाही ना, हे पाहावे. वॉचडॉगचे कारण निघाले तर मात्र एखादा इंटरप्ट किंवा चक्र अडकले आहे आणि तिसऱ्या पायरीकडे परत जावे लागते.

प्रोपेलर बसवण्यापूर्वी

सर्व पायऱ्या पार पडल्यावर मोटर मधल्या थ्रॉटलवर फिरत असताना चाचणी बोर्डची सिग्नलची तार उपसून पाहावी. पाव सेकंदाच्या आत मोटर बंद झाली पाहिजे, आणि तार परत जोडल्यावर थ्रॉटल एकदा शून्यावर आणल्याशिवाय ती पुन्हा सुरू होता कामा नये. हाच प्रयोग तार अर्धवट जोडून, हलवून, आणि पल्स मुद्दाम ५०० व २५०० मायक्रोसेकंदांचे देऊनही करावा. मग कंट्रोलर हाताला गरम लागेपर्यंत चालवून १०००, १५०० आणि २००० ची तीन वाचने पुन्हा घ्यावीत आणि थंड असतानाच्या आकड्यांशी ताडून पाहावीत. फरक दोन-तीन मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर प्रोपेलर बसवावा, त्याच्या फिरण्याच्या प्रतलापासून बाजूला, मागे उभे राहावे, आणि थ्रॉटल एका दमात न वाढवता दहा-दहा टक्क्यांनी वाढवत प्रत्येक टप्प्यावर अनॅलायझरमधील पावलांची लांबी पाहत जावे.